गोठविलेले निवृत्तिवेतन

नायगारा नदीच्या दोन तीरांवर एकाच नावाची दोन शहरे वसलेली आहेत. पूर्वेकडील नायगारा फॉल्स अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात आहे, पश्चिमेकडील नायगारा फॉल्स कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात. धबधब्याचे तुषार दोन्ही शहरांवर सारखेच उडतात आणि पुलावरून एका शहरातून दुसऱ्या शहरात पायी जाता येते. आता अशी कल्पना करू की, ब्रिटनमधील एकाच कारखान्यात चाळीस वर्षे शेजारीशेजारी काम केलेले दोन मित्र एकाच दिवशी निवृत्त झाले आणि आपापल्या मुलांकडे राहावयास गेले. एकाचा मुलगा पूर्वतीरावर राहतो, दुसऱ्याचा पश्चिमतीरावर. दोघांनीही ब्रिटनच्या राष्ट्रीय विमा योजनेत सारखीच वर्गणी भरलेली आहे. पहिल्या वर्षी दोघांना मिळणारे निवृत्तिवेतनही अगदी सारखे असते. परंतु दुसऱ्या वर्षापासून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पूर्वतीरावरील मित्राचे निवृत्तिवेतन दरवर्षी वाढत जाते. पश्चिमतीरावरील मित्राचे मात्र पहिल्या दिवशी जेवढे होते तेवढेच राहते, आणि तो हयात असेपर्यंत तेवढेच राहणार असते.

हे दोन मित्र काल्पनिक असले तरी हा नियम काल्पनिक नाही. ब्रिटनबाहेर राहून ब्रिटनचे राज्य निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची संख्या अकरा लाखांच्या घरात आहे. त्यांपैकी सुमारे साडेचार लाख वृद्धांना ही वार्षिक वाढ मिळत नाही. त्यांतील बहुसंख्य लोक ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंड या देशांत राहतात. उरलेले भारत, पाकिस्तान, बांगलादेश, दक्षिण आफ्रिका, कॅरिबियन समुद्रातील अनेक बेटे आणि इतर पुष्कळ देशांत विखुरलेले आहेत. त्यांच्या निवृत्तिवेतनाला इंग्रजीत 'फ्रोझन पेन्शन', म्हणजे गोठविलेले निवृत्तिवेतन असे म्हणतात. हे नाव समर्पक आहे, परंतु एका बाबतीत ते फसवे ठरण्याचा संभव आहे. गोठलेली वस्तू आहे तशीच टिकते. येथे टिकतो तो केवळ आकडा. त्या आकड्याचे मोल दरवर्षी झिजत जाते. ही झीज कशी होते, तिला कायद्याचा आधार कोणता आणि तिच्या बाजूने व विरुद्ध काय म्हटले जाते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

निवृत्तिवेतनाचा पाया

ब्रिटनमध्ये वृद्धांना सरकारी तिजोरीतून पैसे देण्याची प्रथा १९०८ च्या कायद्याने सुरू झाली. १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. हे साहाय्य मिळविण्यासाठी वर्गणी भरावी लागत नसे. मात्र आपली मिळकत अल्प आहे हे सिद्ध करावे लागे. १९२५ मध्ये या व्यवस्थेला वर्गणीची जोड मिळाली. कामगार आणि मालक या दोघांनी वर्गणी भरावयाची आणि त्या बळावर पासष्टाव्या वर्षापासून निवृत्तिवेतन घ्यावयाचे, अशी ही कल्पना होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ साली, विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरील प्रसिद्ध अहवाल प्रकाशित झाला. त्याचे मध्यवर्ती तत्त्व असे होते की, प्रत्येकाने ठरावीक वर्गणी भरावी आणि त्याबदल्यात प्रत्येकाला ठरावीक लाभ हक्काने मिळावा; त्यासाठी कोणालाही आपल्या दारिद्र्याचा पुरावा द्यावा लागू नये. या तत्त्वावर आधारलेला राष्ट्रीय विमा कायदा १९४६ मध्ये संमत झाला आणि ५ जुलै १९४८ पासून अमलात आला. त्या वेळी एकट्या व्यक्तीचे निवृत्तिवेतन आठवड्याला २६ शिलिंग, म्हणजे आजच्या दशमान पद्धतीने १ पौंड ३० पेन्स इतके ठरले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढील सर्व वादाचे मूळ तिच्यात आहे. कामगाराने भरलेली वर्गणी त्याच्या नावे कोठे साठवून ठेवलेली नसते. आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या वृद्धांना निवृत्तिवेतन दिले जाते. आणि आजचे कामगार वृद्ध होतील तेव्हा त्यांचा भार पुढील पिढी उचलील, असा या व्यवस्थेचा भरवसा आहे. म्हणून कायद्याच्या दृष्टीने वर्गणी ही बँकेतील ठेव नव्हे. परंतु आयुष्यभर दर आठवड्याला पगारातून वर्गणी कापून देणाऱ्या माणसाच्या मनात मात्र ती ठेवच असते. कायद्याची दृष्टी आणि माणसाची समजूत यांतील हे अंतर या प्रश्नात पदोपदी आढळून येते.

गोठण्याची रीत

१९५५ पासून ब्रिटनचे निवृत्तिवेतन जगात कोठेही राहून घेता येऊ लागले. ही सवलत मोठीच होती. परंतु तिच्याबरोबर एक मर्यादाही आली. परदेशी राहणाऱ्याला पुढील वाढ मिळणार नव्हती. त्या काळी ही मर्यादा फारशी जाचक वाटली नाही, याचे कारण उघड आहे. निवृत्तिवेतनातील वाढ तेव्हा नियमितपणे होत नसे. सरकारच्या मनास येईल तेव्हा आणि तेवढी ती होई. शिवाय किमतीही मंद गतीने वाढत होत्या.

१९७० नंतरच्या दशकात हे चित्र पालटले. ब्रिटनमधील महागाईचा वेग १९७५ साली शेकडा चोविसांपर्यंत गेला. अशा काळात न वाढणारे निवृत्तिवेतन म्हणजे डोळ्यांदेखत वितळणारी मिळकत होय. म्हणून त्याच दशकात निवृत्तिवेतन दरवर्षी वाढविण्याचे बंधन कायद्याने सरकारवर घातले गेले. प्रथम ही वाढ वेतनमान अथवा किंमतमान यांपैकी जे अधिक वाढेल त्यानुसार होत असे. १९८० मध्ये वेतनमानाशी असलेले नाते तोडण्यात आले आणि केवळ किमतींचा आधार उरला. पुढे २०१० मध्ये सत्तेवर आलेल्या संमिश्र सरकारने वेतनवाढ, किंमतवाढ किंवा शेकडा अडीच यांपैकी जो आकडा सर्वांत मोठा असेल तितकी वाढ देण्याचे धोरण जाहीर केले. तीन बाजूंनी कडी घातल्यासारख्या या व्यवस्थेला तेथे 'ट्रिपल लॉक' असे म्हणतात. २०२२ साली यातील वेतनवाढीची कडी एका वर्षापुरती काढण्यात आली होती. परंतु पुढील वर्षी महागाई भडकली, तेव्हा याच धोरणानुसार एप्रिल २०२३ मध्ये एकाच वेळी शेकडा १०.१ इतकी वाढ द्यावी लागली.

अशा रीतीने देशातील वृद्धांना महागाईपासून मिळणारे संरक्षण भक्कम होत गेले. आणि नेमक्या याच कारणाने देशातील व देशाबाहेरील वृद्धांमधील अंतर रुंदावत गेले. दरवर्षी वाढीचा आदेश निघतो, तेव्हा त्याच्या जोडीला आणखी काही नियमही निघतात. ज्यांचे नेहमीचे वास्तव्य ग्रेट ब्रिटनमध्ये नाही आणि ज्यांच्या देशाशी तसा करार झालेला नाही, त्यांना ही वाढ लागू होणार नाही, असा त्यांचा आशय असतो. म्हणजे परदेशस्थ वृद्धांचे निवृत्तिवेतन एकदाच गोठवून ठेवलेले आहे असे नाही; ते दर एप्रिल महिन्यात नव्याने गोठविले जाते.

या नियमाचे काही बारकावे सांगण्यासारखे आहेत. एखादा माणूस निवृत्त होण्यापूर्वीच परदेशी गेला असेल, तर त्याचे निवृत्तिवेतन सुरू होते त्या दिवशीच्या दरावर गोठते. निवृत्तीनंतर काही वर्षे ब्रिटनमध्ये राहून मग तो गेला, तर जाण्याच्या वेळचा दर कायम राहतो. तो काही आठवड्यांसाठी ब्रिटनला परत आला, तर तेवढ्या मुक्कामापुरता त्याला चालू दर मिळू शकतो. विमानाने परत गेला की त्याचे वेतनही जुन्या आकड्यावर परत जाते. तो कायमचा परतला, तर मात्र त्याला चालू दर पूर्णपणे मिळू लागतो. याचा अर्थ असा की, माणसाचा हक्क नष्ट झालेला नसतो. तो त्याच्या पत्त्याला बांधलेला असतो.

आकडे काय सांगतात

ही झीज किती होते हे प्रत्यक्ष आकड्यांवरून पाहू. पुढील सर्व आकडे पूर्ण मूळ निवृत्तिवेतनाचे आणि दर आठवड्याचे आहेत. हा दर १९९० मध्ये ४६ पौंड ९० पेन्स होता. २००० मध्ये ६७ पौंड ५० पेन्स. २०१० मध्ये ९७ पौंड ६५ पेन्स. आणि २०२५-२६ या वर्षासाठी तो १७६ पौंड ४५ पेन्स ठरला.

१९९० मध्ये ज्याचे वेतन गोठले, त्याला २०२५-२६ मध्ये ब्रिटनमधील समवयस्काच्या तुलनेने शेकडा सुमारे २७ इतकेच मिळते. २००० मध्ये गोठलेल्याला शेकडा ३८ आणि २०१० मध्ये गोठलेल्याला शेकडा ५५ मिळते. पौंडांत सांगावयाचे तर २००० सालच्या निवृत्ताचे त्या एका वर्षातील नुकसान ५,६६५ पौंडांचे, आणि १९९० सालच्या निवृत्ताचे ६,७३६ पौंडांचे होते. २०१६ च्या एप्रिलपासून नव्याने निवृत्त होणाऱ्यांसाठी वेगळी पद्धत लागू झाली. तिचा पूर्ण दर तेव्हा १५५ पौंड ६५ पेन्स होता; २०२५-२६ मध्ये तो २३० पौंड २५ पेन्स झाला. म्हणजे अवघ्या नऊ वर्षांत गोठलेल्या नव्या निवृत्तिवेतनाचाही जवळजवळ तिसरा हिस्सा गळून गेला.

२००० सालाची एक हकीकत येथे उद्बोधक ठरेल. त्या वर्षी ब्रिटनमधील निवृत्तिवेतन आठवड्याला केवळ ७५ पेन्सांनी वाढविण्यात आले. एवढ्याशा वाढीने देशभर संतापाची लाट उसळली. वृद्धांचा अपमान झाल्याची टीका झाली आणि पुढील वर्षी सरकारला ५ पौंडांची वाढ द्यावी लागली. ज्यांना ते ७५ पेन्सही मिळणार नव्हते आणि नंतरचे ५ पौंडही मिळणार नव्हते, असे लाखो वृद्ध समुद्रापलीकडे होते. परंतु त्यांचा संताप मतपेटीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग फारच अरुंद होता.

या झिजेचा स्वभाव समजण्यासाठी एक सोपे गणित करून पाहू. समजा, पहिल्या वर्षी निवृत्तिवेतन १०० आहे आणि ते दरवर्षी शेकडा अडीचने वाढते. वीस वर्षांनी त्याचे जवळजवळ १६४ होतात. त्या वीस वर्षांत वाढ मिळणाऱ्याच्या हाती एकूण सुमारे २,५५४ पडतात, गोठलेल्याच्या हाती २,०००. फरक ५५४, म्हणजे पहिल्या दरातील साडेपाच वर्षांचे निवृत्तिवेतन. हे गणित सर्वांत कमी वाढीचे आहे. वाढ शेकडा पाच धरली तर वीस वर्षांनी १०० चे २६५ होतात आणि गोठलेल्याचा वाटा शेकडा ३८ वर येतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. पहिल्या दोन-चार वर्षांत हा फरक जाणवत नाही, जाणवला तरी सोसवतो. पासष्टाव्या वर्षी माणूस धडधाकट असतो. थोडेफार काम करतो, गाठीला शिल्लक असते. नव्वदाव्या वर्षी शिल्लक संपलेली असते, औषधांचा खर्च वाढलेला असतो, जोडीदार बहुधा गेलेला असतो. आणि नेमक्या त्याच वेळी निवृत्तिवेतनाचे मोल सर्वांत कमी झालेले असते. जो सर्वांत वृद्ध, त्याला सर्वांत कमी, असा या व्यवस्थेचा परिणाम होतो. स्त्रिया सामान्यतः पुरुषांपेक्षा दीर्घायुषी असतात आणि संसारामुळे त्यांच्या वर्गणीची वर्षेही पुष्कळदा कमी भरतात. त्यामुळे ही झळ त्यांना अधिक लागते, हे ओघानेच आले.

दोन याद्या

वाढ कोणत्या देशांत मिळते? युरोपीय आर्थिक क्षेत्रातील देश आणि स्वित्झर्लंड यांत ती मिळते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरही ही सोय टिकविण्यात आली. त्याखेरीज ज्या देशांशी परस्पर करार झालेले आहेत अशा काही देशांत ती मिळते. अमेरिका, इस्राएल, तुर्कस्तान, फिलिपाइन्स, मॉरिशस, जमैका, बार्बाडोस, बर्म्युडा हे त्यांतील काही होत.

या यादीमागे एखादे तत्त्व शोधू गेल्यास पदरी निराशा येते. ती राष्ट्रकुलावर आधारलेली नाही, कारण कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत तिच्यात नाहीत, पण मॉरिशस आणि जमैका आहेत. ती संपन्नतेवर आधारलेली नाही, कारण अमेरिका आत आहे आणि कॅनडा बाहेर. फिलिपाइन्स आत आहे आणि बांगलादेश बाहेर. ती ब्रिटिश सत्तेशी असलेल्या नात्यावरही आधारलेली नाही. जिब्राल्टर आणि बर्म्युडा येथे वाढ मिळते. परंतु ज्या फॉकलंड बेटांसाठी ब्रिटनने १९८२ मध्ये युद्ध केले, तेथे ती मिळत नाही. कॅरिबियन समुद्रात अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटांवर राहणाऱ्याचे निवृत्तिवेतन वाढते. शेजारच्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर राहणाऱ्याचे गोठते.

१९४८ नंतर वेस्ट इंडीजमधून हजारो स्त्री-पुरुष ब्रिटनमध्ये कामासाठी गेले. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या त्या देशाच्या बसगाड्या, रेल्वे आणि रुग्णालये चालविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हातारपणी आपल्या बेटावर परतावे, ही त्यांतील अनेकांची इच्छा. परंतु जो जमैकाला किंवा बार्बाडोसला परतला त्याचे वेतन वाढत राहिले. जो त्रिनिदादला किंवा अँटिग्वाला परतला त्याचे थांबले. आपण कोणत्या बेटावर जन्मलो, यावर म्हातारपणाचे भवितव्य ठरले.

हे करार १९४८ ते १९९२ या काळात झाले आणि त्यांतील १९७९ नंतरचे करार आधी दिलेल्या शब्दांची पूर्तता म्हणूनच करण्यात आले. याचा अर्थ असा की, निवृत्तिवेतनवाढीचे दार ब्रिटनने फार पूर्वीच लावून घेतले. जे आधी आत आले ते आत राहिले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा यांच्याशी १९५३, १९५६ आणि १९५९ पासून अमलात आलेले करार होते, परंतु त्यांत वाढीची तरतूद नव्हती. कॅनडाच्या सरकारने ही तरतूद व्हावी म्हणून वारंवार मागणी केली. ती मान्य झाली नाही. ऑस्ट्रेलियाने तर याच कारणावरून १ मार्च २००१ पासून करारच संपुष्टात आणला.

ऑस्ट्रेलियाच्या या कृतीमागील हिशेब समजून घेण्यासारखा आहे. तेथे गरजू वृद्धांना त्यांची मिळकत व मालमत्ता पाहून सरकारी निवृत्तिवेतन दिले जाते. ब्रिटनकडून येणारी रक्कम जितकी कमी, तितका ऑस्ट्रेलियाच्या तिजोरीवरचा भार अधिक. म्हणजे ब्रिटनची जी बचत होते, तिचा काही भाग ऑस्ट्रेलियाचा करदाता भरून काढतो. कॅनडातही अल्प मिळकतीच्या वृद्धांना पूरक साहाय्य मिळते. ज्या देशांत अशी व्यवस्था नाही किंवा तुटपुंजी आहे, तेथे हा भार मुलांवर पडतो. आणि मुले नसतील तर कोणावरच पडत नाही.

न्यायालयापुढे

या प्रश्नाचा न्यायनिवाडा अ‍ॅनेट कार्सन यांच्या दाव्याने झाला. त्या आयुष्याचा बराच काळ ब्रिटनमध्ये काम करून १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाल्या होत्या. तेथे गेल्यावरही त्यांनी स्वेच्छेने वर्गणी भरणे चालू ठेवले होते. २००० मध्ये त्यांचे निवृत्तिवेतन सुरू झाले आणि लगेच गोठले. मानवी हक्कांच्या कायद्यानुसार हा भेदभाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. उच्च न्यायालयात आणि अपील न्यायालयात त्या हरल्या. त्या काळी देशातील सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनेही मे २००५ मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने त्यांचे अपील फेटाळले. बहुमताचे म्हणणे थोडक्यात असे होते की, सामाजिक सुरक्षेची व्यवस्था मूलतः देशातील रहिवाशांसाठी असते. बाहेर गेलेल्यांना काय आणि किती द्यावे हा संसदेच्या निर्णयाचा विषय आहे. विरोधी मत नोंदविणारे लॉर्ड कार्सवेल यांनी मात्र सर्वांनी सारखीच वर्गणी भरली आहे या मुद्द्यावर भर दिला.

त्यानंतर कार्सन आणि इतर बारा निवृत्तिवेतनधारक स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. त्यांतील एका गृहस्थांनी ब्रिटनमध्ये पन्नास वर्षे काम करून पूर्ण वर्गणी भरली होती. १९८६ मध्ये ते कॅनडाला गेले आणि १९८७ मध्ये आठवड्याला ३९ पौंड ५० पेन्सांवर त्यांचे वेतन गोठले. महागाईनुसार वाढ मिळाली असती, तर न्यायालयापुढील नोंदीप्रमाणे ते ८२ पौंड ५ पेन्स झाले असते. न्यायालयाच्या महापीठाने १६ मार्च २०१० रोजी अकरा विरुद्ध सहा अशा मतांनी निकाल दिला. वास्तव्याचा देश हे भेदभावाचे कारण होऊ शकते हे न्यायालयाने तत्त्वतः मान्य केले. परंतु परदेशात राहणारा आणि ब्रिटनमध्ये राहणारा निवृत्तिवेतनधारक हे तुलना करण्याइतके समान स्थितीत नाहीत, म्हणून येथे भेदभाव झाला असे म्हणता येत नाही, असे त्याने ठरविले. वर्गणी केवळ निवृत्तिवेतनासाठी नसून ती एकूण सामाजिक व्यवस्थेचा एक भाग आहे, हेही एक कारण दिले गेले.

निकाल विरुद्ध गेला, परंतु सतरा न्यायाधीशांपैकी सहांना तो पटला नाही, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. तेव्हापासून हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेतून बाहेर पडून पुन्हा संसदेच्या अंगणात आला आहे. लढणाऱ्या संघटना आता कायद्याऐवजी राजकीय निर्णयाची मागणी करतात.

युक्तिवाद आणि प्रतिवाद

ब्रिटनमध्ये निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली, परंतु या बाबतीत त्यांची भूमिका बदललेली नाही. तिच्यातील पहिला मुद्दा खर्चाचा. सर्वांना चालू दराने वेतन द्यावयाचे ठरल्यास वर्षाला पन्नास कोटी पौंडांहून अधिक भार पडेल. दुसरा मुद्दा असा की, वाढ ही ब्रिटनमधील किमती व वेतने पाहून ठरते. अन्य देशांतील महागाई आणि चलनाचे दर निराळे असतात, तेव्हा ती तेथे लागू करणे तर्काला धरून नाही. तिसरा मुद्दा, जाणारा माणूस नियम ठाऊक असताना स्वखुशीने जातो.

या मुद्द्यांना दिली जाणारी उत्तरेही पाहिली पाहिजेत. खर्चाचा आकडा मोठा आहे खरा. परंतु ब्रिटनचा राज्य निवृत्तिवेतनावरील वार्षिक खर्च दहा हजार कोटी पौंडांच्या पुढे आहे, त्याच्याशी तुलना करता हा भार शेकडा एकाहूनही कमी भरतो. शिवाय परदेशी राहणारा वृद्ध ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांवर आणि वृद्धसेवेवर भार टाकत नाही. मागची थकबाकी नको, निदान आज जे मिळते त्यावर यापुढे वाढ द्या, अशी मध्यम मागणीही पुढे आलेली आहे. तिचा आरंभीचा खर्च पुष्कळच कमी आहे. महागाई निराळी असते हे खरे, परंतु ती फ्रान्समध्ये आणि फिलिपाइन्समध्येही निराळीच असते, आणि तेथे वाढ मिळते.

स्वखुशीने जाण्याचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. पुष्कळांना हा नियम पहिली वाढ चुकेपर्यंत ठाऊकच नसतो. आणि ठाऊक असला तरी, पत्नी गेल्यावर एकटा राहिलेला माणूस मेलबर्नमधील मुलीकडे जातो, तेव्हा त्याला स्वखुशी म्हणावे काय? उलट दिशेनेही हेच घडते. परदेशात राहणे परवडेनासे झाल्यामुळे ऐंशीच्या घरातील माणसे मुलानातवंडांना सोडून ब्रिटनला परततात, कारण तेथेच त्यांचे निवृत्तिवेतन पूर्ण होते. त्यांच्यापुढे उपजीविका की कुटुंब, अशी निवड उरते.

भारताच्या दृष्टीने

भारत वाढ न मिळणाऱ्या देशांच्या यादीत आहे. युद्धोत्तर काळात पंजाब आणि गुजरातमधून अनेक लोक ब्रिटनच्या गिरण्यांत, ओतशाळांत आणि वाहतूक सेवेत काम करावयास गेले. मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकलेल्या कित्येक डॉक्टरांनी तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेत आयुष्य घालविले. त्यांपैकी जे उतारवयात मायदेशी परततात, त्यांचे राज्य निवृत्तिवेतन गोठते. मॉरिशस मात्र दुसऱ्या यादीत आहे. तेथे मराठी भाषिकांचा जुना समाज आहे, आणि त्या बेटावरील अनेक तरुण-तरुणी परिचर्येच्या शिक्षणासाठी ब्रिटनला गेल्या होत्या. एकाच रुग्णालयात सेवा केलेल्या दोन मराठी परिचारिका निवृत्त होऊन एक मॉरिशसला आणि दुसरी महाराष्ट्रात परतली, तर पहिलीच्या पौंडांना दरवर्षी अंकुर फुटेल, दुसरीच्या नाही.

पौंड महाग होत गेल्यामुळे भारतात राहणाऱ्याचे नुकसान भरून निघते, असा एक समज आढळतो. तो तपासून पाहू. २००० साली एका पौंडाचे सुमारे ६८ रुपये येत. २०२५ मध्ये ते ११५ च्या आसपास होते. त्यामुळे ६७ पौंड ५० पेन्सांचे रुपयांतील मूल्य आठवड्याला सुमारे ४,६०० वरून ७,७५० वर गेले. परंतु याच काळात भारतातील किमती चौपटीहून अधिक झाल्या. पूर्वीची क्रयशक्ती राखण्यासाठी १८,००० रुपयांहून अधिक हवे होते. म्हणजे पौंड वधारूनही हाती निम्म्याहून कमी मोल उरले.

२०२५ च्या जुलै महिन्यात भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. त्याच्या जोडीने सामाजिक विम्याच्या दुहेरी वर्गणीपासून सूट देण्याचेही ठरले. तथापि या सवलतीचा संबंध तात्पुरत्या नेमणुकीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वर्गणीशी आहे. निवृत्तिवेतनाच्या वाढीशी नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

हक्क आणि त्याचे मोल

निवृत्तिवेतन ही कृपा आहे की हक्क, हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. डी. एस. नकारा यांच्या खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन म्हणजे मालकाच्या मर्जीने मिळणारे दान नव्हे, असे स्पष्ट केले आणि निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांचे दोन वर्ग पाडण्यास नकार दिला. तेथे भेदाचा आधार दिनदर्शिका होती. ब्रिटनच्या प्रश्नात तो नकाशा आहे. केंद्र सरकारच्या निवृत्तांना महागाई साहाय्य वर्षातून दोनदा सुधारून मिळते. परंतु कारखान्यांतून आणि खाजगी आस्थापनांतून निवृत्त झालेल्यांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेला महागाईची अशी जोड देण्यात आली नाही. त्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा एक हजार रुपये ठरविण्यात आले. त्या हजार रुपयांत तेव्हा जे येई ते पुढील वर्षांत येईनासे झाले, हे सांगण्यासाठी कोणत्याही निर्देशांकाची गरज नाही. वेतन गोठण्यासाठी माणसाने समुद्र ओलांडलाच पाहिजे असे नाही.

निवृत्तिवेतनाचे वचन दोन प्रकारे मोडता येते. एक, ते देणेच बंद करून. दुसरे, ते तसेच देत राहून. पहिल्या प्रकारात कोणीतरी निर्णय घेतो, त्याची बातमी होते आणि जाब विचारता येतो. दुसऱ्या प्रकारात काहीच घडत नाही. फक्त वर्षे जातात. ज्या वृद्धांची ही कहाणी येथे सांगितली, त्यांचे निवृत्तिवेतन एका आठवड्यासाठीही थांबलेले नाही. सामाजिक विम्याची कोणतीही योजना तपासताना, किती मिळते एवढेच विचारून भागत नाही. वीस वर्षांनी त्या रकमेत काय येईल, आणि त्या वेळी ती घेणारा माणूस कोणाच्या आधारावर असेल, हे दोन प्रश्नही आरंभीच विचारावे लागतात. कारण ज्याच्यावर ही वेळ येते, त्याचे ते विचारण्याचे वय आणि बळ तोपर्यंत बहुधा सरलेले असते.